कापगत्यांच्या बोडीची कोरडी पाळ

"मंग पानी कोठी गेलं?"

उरकुडाबाबांनी असं विचारलं, तसा योगराज कापगते जरा गोंधळला. तो शाबासकीची वाट पाहत उभा होता. पाळीच्या पायथ्याशी स्वतः बांधलेली दगडी भिंत त्याने नुकतीच हाताने थोपटून दाखवली होती, आणि पणजोबांच्या काळापासून गळणारी पाळ आता एक थेंबही गळत नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"कोणतं पाणी, बाबा?"

"इथून झिरपत होतं ते."

"ते बंद झालं ना. तेच तर सांगून राह्यलो. हात लावून पहा."

बाबांनी हात लावला. दगड ठणठणीत कोरडे होते. सांधे नीट घोटलेले, भिंत दोरीत, कुठे बोट शिरायला जागा नाही. काम चोख होतं. ते नाकारण्यात अर्थ नव्हता आणि बाबांनी नाकारलंही नाही.

"कोरडं हाय," बाबा म्हणाले.

"मग?"

"मंग पानी कोठी गेलं?"

...

झाडीपट्टीत बोडी म्हणजे एखाद्या घराच्या मालकीचं लहानसं तळं. तीन बाजूंनी चढाची जमीन, चौथ्या बाजूला मातीची पाळ, आणि पाळीखाली धानाची शेतं. कापगत्यांची बोडी योगराजच्या पणजोबांनी बांधली. शेतातली काळी माती पाळीला चालायची नाही, म्हणून त्यांनी दूरच्या टेकडीवरून पिवळी माती पाट्या भरभरून आणवली. त्या पिवळ्या मातीची गोष्ट कापगत्यांच्या घरात प्रत्येक लग्नात एकदा तरी सांगितली जायची, आणि पाहुणे ती दरवेळी नव्याने ऐकल्यासारखं करायचे.

पाळ दोन पुरुष उंच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनशे पावलं. पाळीखाली शेत, शेतापलीकडे ढिवरांची अकरा घरं. ढिवर म्हणजे बोडीत मासे धरणारे लोक. त्यातलं पहिलं घर पार्बताचं. आणि तिच्याही अलीकडे, पाळीला सगळ्यात जवळ, एक झोपडी होती. ती उरकुडाबाबांची.

बाबा जन्मभर पाणकर होते. पाणकर म्हणजे तळ्याचा राखणदार. पाळ सांभाळायची आणि ज्याच्या त्याच्या शेताला वेळच्या वेळी पाणी सोडायचं. आता वयाची ऐंशी उलटली होती. लांबलांबची माणसं त्यांना शोधत यायची, पण मोक्ष मागायला कुणी येत नसे. कुणाची पाळ खचलेली असे, कुणाच्या पाळीत घुशींनी बिळं केलेली असत. बाबांच्या गळ्यात माळ नव्हती आणि ते मंत्रही देत नसत. मला शिष्य करा म्हणून कुणी पाया पडलं, तर बाबा आधी विचारायचे, पोहता येतं का?

योगराजला पोहता येत होतं. शिवाय त्याच्याजवळ बांधकामाचा डिप्लोमा होता आणि नागपुरात रस्त्यांच्या कामावर काढलेली आठ वर्षं होती. वडील गेले, तेव्हा तो बोडी सांभाळायला गावी परतला आणि बाबांना म्हणाला, "मला शिकवा."

बाबांनी त्याला एकच काम दिलं. रोज पहाटे पाळीच्या पायथ्याने अनवाणी चालायचं आणि काय दिसलं ते येऊन सांगायचं.

"एवढंच?" योगराजने विचारलं होतं.

"जमते का पाहू," बाबा म्हणाले होते.

सतरा दिवस तो अनवाणी चालला. अठराव्या दिवशी विंचवाचं निमित्त करून त्याने गमबूट घातले. महिन्याभराने पायथा सोडून तो पाळीच्या माथ्यावरून चालू लागला, आणि पुढे तर मोटरसायकल माथ्यावरून या टोकाला त्या टोकापर्यंत पिटाळून परत यायचा. पाळ कशी आहे म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, पक्की आहे.

त्याला एकाच गोष्टीची लाज वाटायची. पाळीच्या मधोमध, पायथ्याशी, एक ओलसर जागा होती. तिथून करंगळीएवढी धार झिरपायची. बाबा रोज सकाळी त्या पाण्याने आपला पितळी गडवा भरायचे, थोडा वेळ दगडावर ठेवायचे, तळाशी पाहायचे आणि पिऊन टाकायचे. ढिवरांच्या बायकांनी तिथे धोप्याची, म्हणजे अळूची, पानं लावली होती. हे सगळं योगराजच्या डोळ्यांत खुपायचं. सिव्हिलचा डिप्लोमा असलेल्या माणसाची बोडी गळते, हे त्याला सहन होत नव्हतं.

चैत्रात बाबा मोतीबिंदू काढायला लेकीकडे गेले. ऑपरेशन झालं, एका डोळ्याला त्रास झाला, लेकीने ठेवून घेतलं. बाबांना परतायला भादवा उजाडला.

तेवढ्या काळात योगराजने उन्हाळ्याची बोडी उतरलेली पाहिली आणि संधी साधली. ओल्या जागेवर चिकणमाती ठोकली, वर दगड, वर सिमेंट. गवंडी लावला नाही. सगळं स्वतःच्या हातांनी केलं. पावसाळ्यात बोडी भरत गेली, तो रोज त्या भिंतीपाशी जाऊन हात फिरवायचा, आणि हात कोरडा निघाला की त्याला धन्य वाटायचं.

आज बोडी काठोकाठ भरली होती. पाणी सांडव्याला लागलं होतं.

आणि त्या गावची रीत अशी होती की, पाणी सांडव्याला लागलं त्या दिवशी पाणकराने पायथ्याने अनवाणी चालून शब्द दिल्याशिवाय पाळीखालच्या घरांत चूल पेटवायची नाही. अकरा घरच्या बायका शेताच्या बांधावर येऊन उभ्या होत्या. ऊन चांगलं वर आलं होतं. पोरं भुकेजली होती.

...

"बूट काढ," बाबा म्हणाले.

"बाबा, खाली चिखल आहे."

"हाव. म्हनूनच."

योगराजने बूट काढले. मनातून तो चिडलाच होता. भिंत समोर कोरडी उभी असताना म्हाताऱ्याला चिखलात काय शोधायचं आहे, ते त्याला कळेना.

बाबांनी धोतर वर खोचलं, डोळे मिटले आणि चालायला लागले.

"बाबा, डोळे तर नवीन करून आणले ना? मग मिटले काहून?"

"डोयांना तुही भिंत दिसते," बाबा म्हणाले. "चाल मांगून."

ते हळूहळू चालत होते. प्रत्येक पाऊल आधी टेकवायचे, मग त्यावर भार द्यायचे. योगराज मागोमाग चालला. भिंत संपली. पुढची पंधरा-वीस पावलं जमीन घट्ट लागली. मग बाबा पाळीपासून थोडे दूर, शेताच्या कडेला वळले.

आणि थांबले.

"इथं ये. उभा राह्य."

योगराज तिथे उभा राहिला.

"काय लागते?"

"चिखल."

"डोये मिट."

त्याने डोळे मिटले. आधी काही कळलं नाही. मग कळलं. पायाखालची जमीन किंचित हलत होती. साय धरलेल्या दुधावर बोट टेकवावं, तशी ती खाली जायची आणि परत वर यायची. त्याने पटकन डोळे उघडले.

"पावसाचं पाणी मुरलं असेल," तो म्हणाला.

बाबांनी त्याच जागी पुन्हा पाऊल दाबलं.

"भादव्यात सगळीच जमीन अशी होते, बाबा."

बाबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं.

गवताखाली एक झरा होता. रुपयाएवढं तोंड. पाणी आतून उकळल्यासारखं वर येत होतं आणि तोंडाभोवती बारीक मातीचं कडं जमलं होतं, मुंग्यांच्या वारुळाला असतं तसं.

योगराज पाहत राहिला. एवढंसंच तर आहे, असं त्याला वाटलं.

बाबांनी गडवा झऱ्याशी धरला. भरला. आणि योगराजपुढे केला.

"पी."

"हे?"

"तुह्याच बोडीचं हाय."

बांधावरच्या बायका पाहत होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती. योगराजने गडवा तोंडाला लावला, एक घोट घेतला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. दातांखाली कचकच लागली.

"कसं लागते?"

"माती आहे."

"कोनती?"

"कोणती म्हणजे? माती आहे..."

"पाह्य."

बाबांनी गडवा त्याच्या हातून घेऊन एका सपाट दगडावर ठेवला. दोघं दगडाच्या दोन बाजूंना उकिडवे बसले. वारा नव्हता. बांधावर कुणाचं तरी पोर किरकिरलं आणि आईने त्याला गप्प केलं. गढूळ पाणी हळूहळू निवळत गेलं.

मग बाबांनी वरचं पाणी हलकेच ओतून टाकलं आणि गडवा उन्हात तिरपा धरला.

तळाशी बसलेली माती पिवळी होती.

योगराजने शेताकडे पाहिलं. शेत काळं होतं. चिखल काळा होता. त्याच्या पायांना लागलेलं सगळं काळं होतं. त्याने पाळीकडे पाहिलं. पिवळ्या मातीची ती गोष्ट लहानपणापासून त्याने इतक्यांदा ऐकली होती, की आता कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

"बाबा..."

"पाळ खाल्ली तू आत्ता," बाबा म्हणाले.

...

बाबा उठले. पाळीकडे त्यांनी परत पाहिलंही नाही. ते सरळ आपल्या झोपडीत गेले, अंथरुणाची वळकटी केली, ती डोक्यावर घेतली, पाण्याचं मडकं काखेत धरलं, आणि टेकडीवरच्या शाळेची वाट चालू लागले.

घाई नाही, आरडाओरडा नाही. बाजाराला निघाल्यासारखे निघाले.

बांधावरच्या बायकांना तेवढं पुरलं. पाळीखाली राहून पाळीची इतकी वर्षं राखण केलेला माणूस अंथरूण घेऊन वर निघाला, यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. त्या घराकडे धावल्या. कुणी पोरं उचलली, कुणी तांदळाचं पोतं, कुणी कोंबड्या पिशवीत घातल्या. घटकाभरात अकरा घरं टेकडीच्या वाटेला लागली.

पार्बता सगळ्यांच्या मागे होती. डोक्यावर जाळं, कडेवर नातू. योगराजपाशी येऊन ती थांबली.

"योगराजभाऊ, पाच महिने पुसून राह्यली तुमाले. रोज म्हने, पक्की हाय."

योगराजने मान खाली घातली.

"मी त्या भरवशावर नातवाले इथं झोपवत होती," पार्बता म्हणाली आणि निघून गेली.

ती रागावून बोलली असती तरी बरं झालं असतं. ती साधं बोलली, आणि योगराजला आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नव्हती.

तो धावत बाबांच्या मागे गेला.

"बाबा! थांबा. काय करू ते सांगा."

बाबा चालता चालता म्हणाले, "बोडी कोनाची?"

"माझी."

"पानी?"

"माझंच."

"खालची घरं?"

"त्यांची..."

बाबा थांबले नाहीत. पुढे काही विचारलंही नाही. वळकटी डोक्यावर सावरून ते चढ चढत राहिले.

योगराज वाटेवर उभा राहिला. डावीकडे त्याची बोडी भरून चमकत होती. सांडव्यापर्यंत पाणी. त्या पाण्यावर त्याच्या आठ एकर धानाचं शेवटचं पाणी ठरलेलं होतं. अश्विनात ते मिळालं नाही तर अर्धं धान पोचट जाणार, हे त्याला माहीत होतं. उजवीकडे अकरा घरांची कौलं दिसत होती. एकाही घरातून धूर निघत नव्हता.

तो वळला, पाळीवर चढला आणि पाणी सोडायची मोरी पूर्ण उघडली. दरवर्षी ती एक वीत उघडायची. आज त्याने लाकडी दट्ट्या मुळापासून उपसून काठावर फेकून दिला.

पाणी घों घों करत कालव्यात शिरलं.

मागे कुणीतरी उभं असल्याचं त्याला जाणवलं. बाबा होते. वळकटी शाळेत ठेवून परत आले होते. खांद्यावर फावडं होतं.

"आता चाल," बाबा म्हणाले.

...

झऱ्याचं तोंड तेवढ्यात रुपयाएवढं होतं ते वाटीएवढं झालं होतं.

योगराजने गोणपाटात चिकणमाती भरली आणि झऱ्यावर टाकायला उचलली.

"बुजवू नोको," बाबा म्हणाले.

"बाबा, वाहून राह्यलं आहे ते!"

"वाहू दे."

"पाळ चालली ना त्याच्यातून!"

"पाळ नाही जाऊ द्याची. पानी जाऊ द्याचं."

योगराज गोणपाट हातात धरून तसाच उभा राहिला. हे दोन्ही एकाच झऱ्यातून जात होतं. एकाला जाऊ द्यायचं आणि दुसऱ्याला धरायचं कसं, हे डिप्लोम्यात असेलही, पण त्या घटकेला त्याला काही आठवेना.

"नदीची रेती आन," बाबा म्हणाले. "धुतलेली."

रेती आली. बाबांनी ती झऱ्यावर ओतायला लावली, वीतभर थर. पाणी रेतीतून वर आलं. मग रेतीवर बारीक गिट्टी. तिच्यावर जाडी गिट्टी. तिच्यावर दगड, सिमेंटाशिवाय, नुसते रचलेले. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जाडा. सुरुवातीला वरून गढूळ पाणी निघालं. योगराजला वाटलं, गेलं सगळं. बाबा मात्र शेजारी दगडावर बसून पानाला चुना लावत होते.

"बाबा, गढूळच आहे."

"हाव."

"अजून रेती टाकू?"

"बस जरा."

बसणं हे योगराजला कधीच जमलं नव्हतं. आता दुसरा इलाज नव्हता. तो बसला. पाण्याकडे पाहत राहिला, आणि कधी नव्हे ते नुसतं पाहत राहिला. अर्ध्या तासाने पाणी जरा निवळलं. तासाभराने दगडांच्या फटीतून जे पाणी निघत होतं, त्याच्या तळाचा खडा न खडा दिसू लागला.

योगराजने गडवा भरला. दगडावर ठेवला. थांबला. तळ पाहिला. पितळ लखलखत होतं.

"जमलं, बाबा!" तो ओरडला.

बाबांनी पानाचा विडा गालात सरकवला.

"तुही भिंत अजून हाय," ते म्हणाले.

...

भिंत फोडायला दोन दिवस लागले. बोडी निम्म्यावर उतरेपर्यंत बाबांनी तिला हात लावू दिला नाही. मग योगराजने छिन्नी-हातोडा घेतला. ज्या सांध्यांवर उन्हात बसून त्याने थापी फिरवली होती, ते सांधे आता त्यालाच फुटता फुटत नव्हते. काम चोख होतं ना!

ढिवरांचे पुरुष मदतीला आले. एक जण म्हणाला, "भाऊ, चांगलंच पक्कं बांधलं होतं तुमी." सगळे हसले. योगराजही हसला. पहिल्यांदाच त्याला त्या भिंतीवरून हसू आलं, आणि हसल्यावर हातोडा जरा हलका वाटला.

दगड निघाले. मागची चिकणमाती निघाली. तिच्या मागे पाळ ओली होती, भिंतीएवढ्या उंचीपर्यंत ओली. एवढे महिने जे पाणी बाहेर यायला वाट शोधत होतं, ते आत साचून वर चढत होतं. योगराजने त्या ओलीवर हात ठेवला. हात फिरवायची त्याची सवय होती, पण या वेळी त्याला धन्य वाटलं नाही. आपण कशाला शाबासकी मागत होतो, हे त्याला आठवलं.

तिथेही रेती, गिट्टी, दगड. त्याच क्रमाने. या वेळी बाबांनी काही सांगितलं नाही, आणि योगराजने विचारलं नाही.

बाबा रोज पहाटे खाली यायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, कोंबडा आरवलेला कळायचा नाही. म्हणून पूर्वीपासून पार्बता त्यांना हलवून उठवायची आणि कोऱ्या चहाचा पेला हातात द्यायची. शाळेच्या ओसरीवरही तेच चाललं होतं. उठले की काठी टेकत ते टेकडी उतरायचे. पहिल्या पहाटे त्यांना पायथ्याशी कुणी दिसलं नाही. दुसऱ्या पहाटे ते आले, तेव्हा चिखलात पावलांचे ताजे ठसे होते. अनवाणी पावलांचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

तिसऱ्या पहाटे ठशांच्या दोन रांगा होत्या, एक कालची, एक ताजी.

बाबांनी त्या पाहिल्या आणि ते परत फिरले.

...

तिसऱ्या दिवशी दुपारी पाळीच्या मधोमध, जुन्या जागी, दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार निघाली. स्वच्छ. योगराज तिच्यापाशी बसून होता. पाळ परत गळायला लागली आणि त्याला रडू आलं. आनंदाने आलं, हे त्याचं त्यालाच जरा नवल वाटलं.

ऊन कलताना बाबांनी शाळेतून अंथरुणाची वळकटी उचलली, डोक्यावर घेतली आणि टेकडी उतरू लागले.

टेकडीवर एकच गलका झाला. बाबा खाली चालले! बाबा चालले म्हणजे झालं! बायकांनी गाठोडी बांधायला घेतली, पोरं वाटेने पळत सुटली, पिशव्यांतल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. बाबा कुणाशी न बोलता झोपडीपर्यंत गेले, आत शिरले, आणि अंथरूण झटकल्याचा आवाज आला.

लोक खाली उतरून बांधावर आले. पण बांध ओलांडायच्या आधी पार्बता थांबली. ती थांबली तशा बाकीच्याही थांबल्या. योगराज पाळीवरून उतरून येत होता. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"योगराजभाऊ," पार्बता म्हणाली, "बाबा तं गेले. पन बोडी तुमची हाय. तुमी सांगा. घरी जाऊ का?"

तिचा नातू तिच्या पदराआडून पाहत होता.

इतके दिवस ज्या शब्दाने योगराजचं काम भागलं होतं, तो शब्द ओठांपर्यंत आला असणार. त्याने तो गिळला.

"बाबा गेले म्हणून नका जाऊ," तो म्हणाला. "मी सांगतो ते ऐका, मग ठरवा."

बायकांनी गाठोडी खाली ठेवली.

"आज तीनदा चाललो मी. सकाळी, दुपारी, आत्ता. जमीन घट्ट आहे. दोन्ही जागी पाणी निघतं, पण स्वच्छ निघतं. गडव्याच्या तळाशी काही बसत नाही. बोडी निम्मी आहे आणि मोरी उघडीच ठेवली आहे. आजची रात्र तुम्ही खाली झोपू शकता. मीही इथंच झोपतो."

"अन् उद्या?" पार्बताने विचारलं.

"उद्याचं मला आज माहीत नाही, बाई. पहाटे चालतो, पाहतो, अन् तुमच्या दारात येऊन सांगतो. चूल त्याच्या नंतर पेटवा."

पार्बताने नातवाला कडेवर घेतलं आणि बांध ओलांडला. मागोमाग दहा घरच्या बायका निघाल्या. जाता जाता ती सवयीने बाबांच्या दाराशी वाकली. पाच महिने या झोपडीत पहाटे पाळ पाहायला उठवावं असं कुणी नव्हतं, आणि आता परत पहाटेचा चहा करायचा होता.

"बाबा, उद्या चाहा किती वाजता आनू?" ती मोठ्याने म्हणाली.

आत अंधूक उजेडात बाबा अंथरुणावर आडवे झाले होते. बाहेर झालेलं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी पाय लांब केले, घोंगडी छातीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

...

"पार्बता," बाबा म्हणाले, "उद्या मले उठवू नोको."